जुळलेला क्रमांक

निक्शिचच्या पोलाद कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर विदाकने जे काम हाती घेतले, ते पुरे व्हायला अकरा हिवाळे लागले. वडिलांच्या पेटीत, जुन्या राजाच्या काळातल्या एका रिव्हॉल्व्हरचा नुसता सांगाडा त्याला सापडला होता: नळी, हाडाची तडकलेली मूठ आणि बाजूला कोरलेला ४१७३ हा क्रमांक. घोडा त्याने त्रिएस्तच्या एका संग्राहकाकडून मागवला, स्प्रिंग ब्रनोहून आली, स्क्रू त्याने स्वतः लेथवर काढले. राहिली ती काडतुसांची चक्री. दुसऱ्या एखाद्या रिव्हॉल्व्हरची बसवता आली असती. पण तसे करणे त्याला दुसऱ्याची कवळी तोंडात घालण्यासारखे वाटे.

मार्चमधल्या बाजारात, भंगारवाल्याच्या घोंगडीवर, बिजागऱ्या आणि चमचे यांच्यामध्ये ती पडलेली दिसली. अंगठा ओला करून त्याने गंज पुसला. ४१७३. त्याने घासाघीस केलीच नाही. कमी सांगितल्याबद्दल भंगारवाल्यालाच चुटपुट लागली.

रविवारी जेवणानंतर त्याने ते पुरे झालेले रिव्हॉल्व्हर आईपुढे ठेवले. स्ताना एकोणनव्वद वर्षांची होती.

"बघ, दोन्ही एकाच हाताखाली घडलेली. शंभर वर्षांनी गाठ पडली."

चीज कापणारा तिचा हात थांबला. "ही चक्री कुठून आणलीस?"

"बाजारातून."

"बाजारात कुणाच्या घरातून आली?"

"भंगार आहे ते, आई. भंगाराला कुठलं घर?"

"ह्याला होतं."

मग तिने सांगितले. विदाकच्या आजोबांच्या भावाने कुरणाच्या हद्दीवरून नदीपलीकडच्या घरातला माणूस मारला होता. नऊ वर्षांनी समेट झाला. हेच रिव्हॉल्व्हर गळ्यात अडकवून मारेकरी चर्चच्या अंगणातून गुडघ्यांवर सरपटत गेला. मेलेल्याच्या आईने त्याला उठवले, कपाळाचे चुंबन घेतले. तिच्या माणसांनी चक्री काढून स्वतःकडे ठेवली आणि बाकीचे परत दिले. अर्धे तिकडे, अर्धे इकडे. दोन्ही घरे आपापला भाग जपतील तोवर दिलेला शब्द राहील, असे ठरले.

"तुझ्या बापानं जन्मात चक्री शोधली नाही. त्याला जमलं नसतं म्हणून नव्हे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मूठबीठ घासतोयस. पत्ते कुटण्यापेक्षा बरं."

"आई, त्या घरात आता भांडायला उरलंय कोण? एकटी योका."

"म्हणूनच. शेवटची आहे ती. तिच्या हातात दे. मिल्काच्या नको, मिल्का तिची लेक, लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली. हे सगळं एका छपराखाली असताना मी मरणार नाही, सांगून ठेवते."

विदाकने अकरा वर्षांचे काम दहा मिनिटांत सुटे केले आणि चक्री कोटाच्या खिशात टाकून पूल ओलांडला.

दार मिल्काने उघडले. ती आपल्या आईची काळजी घ्यायला येऊन राहिली होती. चक्री पाहून ती ओशाळली. "ही ज्या डब्यात होती तो मीच दिला रे भंगारात. वाटलं, पंपाचं काहीतरी असेल." मग हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली. आई मला नर्सबाई म्हणते."

योका शेगडीजवळ बसली होती.

"योका मावशी, मी स्तानाचा विदाक, नदीपलीकडचा. तुमच्या घरचं तुमच्याकडं आणलंय."

तिने चक्री दोन्ही हातांनी घेतली. एवढ्यावरच विदाकला सुटल्यासारखे वाटले. तिने एका भोकातून खिडकीकडे पाहिले. मग चक्री गुडघ्यांत धरली आणि हातचक्कीत कॉफी दळावी तशी फिरवू लागली.

"घट्ट झालंय," ती म्हणाली. "बिया जास्त भाजल्यास, नर्सबाई."

मिल्काने तोंड भिंतीकडे फिरवले.

"मावशी, चर्चच्या अंगणातलं आठवतं का? तो समेट?"

"आठवतं ना," योका म्हणाली, अनोळखी माणसाचे मन राखायला म्हणतात तसे.

तो निघाला तशी टेबलाला धरून तीही उठली. "माझ्या घरून पाहुणा रिकाम्या हातानं गेलाय का कधी?" तिने चक्री त्याच्या खिशात घातली, वर मूठभर अक्रोड टाकले आणि खिसा थोपटला.

विदाकचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. यजमानीण जे देते ते परत करणे म्हणजे तिच्या उंबऱ्यावर थुंकणे. आणि साऱ्या गावातल्या घरांपैकी या घरात तर त्याच्या घरच्या माणसाने तसे करणे शक्यच नव्हते.

"घे रे," मिल्का म्हणाली. "नाहीतर दिवसभर रडत बसेल."

पुलावर तो थांबला. खाली पाणी वर्षातून याच दिवसांत भरून वाहते. पण फेकून देण्याइतकी ती वस्तू त्याची नव्हती. आणि जिची होती तिनेच ती दिली होती.

स्ताना फाटकापाशी स्टूल टाकून बसली होती.

"घेतलं तिनं?"

"घेतलं."

तिने जड होऊन लोंबणाऱ्या खिशाकडे पाहिले. "मग?"

"मग दिलं."

"काय म्हणून?"

"पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून."

त्याने पुढे केलेल्या अक्रोडांतला एक तिने उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. "चांगल्या घरची होती ती," ती म्हणाली.

सांगाडा त्याने आपल्या खोलीतल्या पेटीत ठेवला. चक्री घेऊन तो स्वयंपाकघरातून, खुर्चीत येऊन बसलेल्या आईच्या शेजारून, पार टोकाच्या चीजच्या खोलीत गेला आणि शेवटच्या फळीवर, भिंतीला टेकवून ठेवली. त्याची पावले स्ताना मोजत होती. चौदा झाली.

"आणखी लांब नाही का ठेवता येणार?"

"घर एवढंच आहे, आई," विदाक म्हणाला.