‘उंदराची शंका’ नावाचा पांढरा

इंग्लंडातल्या आमच्या स्टॉकपोर्टमध्ये कुणाच्या घरातला रंग आवडला तर तसं तोंडावर म्हणत नाहीत. ते फार उघडं पडतं. लोक चहाचा कप खाली ठेवतात, भिंतीकडे सहज नजर गेल्यासारखं करतात आणि विचारतात, “काय नाव गं या रंगाचं?” झालं. विचारणारा हरला, भिंतवाला जिंकला. मग दोघंही हवामानावर बोलतात.

माझी आई लॉरेन काही वर्षांपूर्वी अशी हरली होती, ग्लेनिस आत्याच्या स्वयंपाकघरात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आत्याने हसत हसत नाव सांगितलं. आईने बाबांकडून अख्खा जिना त्या रंगाने रंगवून घेतला आणि तो निघाला तान्ह्या बाळाच्या लंगोटातला. आत्या बघायला आली. म्हणाली, “अगंबाई, हा का घेतलास?”

आई तेव्हा हसली. दातावर दात दाबून हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यामुळे नाताळचं जेवण यंदा पहिल्यांदाच आत्याऐवजी आमच्याकडे ठरलं, तेव्हा आईने टर्की भाजायचा विचारही केला नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. आत्याने आमच्या दिवाणखान्यात बसून, आमच्या फायरप्लेसकडे बघून, रंगाचं नाव विचारायचं.

फायरप्लेस घराइतकीच जुनी. तांबड्या विटा, वर जाड फळी, रूप साधारण पोलीस चौकीचं. घर तापवणारा बॉयलर आल्यापासून तिच्यात कुणी काडी पेटवली नव्हती. आईने फोनवर फायरप्लेसचे फोटो बघायला सुरुवात केली ती सप्टेंबरात. ऑक्टोबरपर्यंत विटांवर नमुन्याच्या छोट्या डब्यांतले रंगाचे चौकोन उमटले होते, आणि बाबा त्यांच्यासमोर ओळखपरेडला आणल्यासारखे उभे होते.

“लॉरेन, हे सगळे पांढरेच आहेत.”

“क्लाइव्ह, हा ‘थंड लापशी’ आहे. हा ‘पाद्रीबाबांचा मोजा’. आणि हा ‘विधवेचं आमंत्रण’.”

“यातला पांढरा कुठला?”

“पांढरा कुठलाच नाही. डोळे असते तर दिसलं असतं.”

मग मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, मला मोजा आवडला, पण विधवेकडे गेलो तर मोजा काढावा लागेल. मला पुन्हा विचारण्यात आलं नाही.

रंग म्हणे वेगवेगळ्या उजेडात बघायचा असतो. आमच्याकडे नोव्हेंबरात उजेड नसतो. मग आईने ते ढगात बघितले, पावसात बघितले, आणि ढग-पाऊस एकत्र असताना बघितले. शेवटी ‘उंदराची शंका’ नावाचा पांढरा ठरला. बाबांनी दोन हात मारले. बाहेरून बर्चचे सुबक ओंडके आणून चुलीत रचले, ते घसरू नयेत म्हणून गोंदाने एकमेकांना चिकटवले, आणि चमक यावी म्हणून वर वॉर्निश फासलं. फळीवर ‘लाकडाचा धूर’ अशा वासाची मेणबत्ती आली.

“मस्त झालीय. आता एकदा पेटवून बघू?” बाबा म्हणाले.

“फायरप्लेस? पेटवून?” आईने असं विचारलं, जसं काही त्यांनी सोफा उकडून खाऊ या म्हटलं होतं.

नाताळच्या दुपारी आत्या आणि तिचे यजमान कीथ काका आले. आत्या मुरलेली खेळाडू. दारातून आली ती थेट पडद्यांकडे बघत. पडद्यांवरून नजर गालिच्यावर, तिथून टीव्हीवर. मध्ये फायरप्लेस आली की तिची मान अशी वळायची, जणू तिथे कुणीतरी कपडे बदलतंय. जेवणाच्या टेबलावरही तिने स्वतःहून ती खुर्ची घेतली जिची पाठ तिकडे होती.

“कोबीच्या गड्ड्या छान झाल्यात हो, लॉरेन,” ती म्हणाली.

आमच्याकडे टर्की सोडून कोबीचं कौतुक करणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आईने तिला ग्रेव्ही फळीवर ठेवायला दिली. आत्याने ती मागे न बघता, हात उलटा करून ठेवली. एक थेंब सांडला नाही. मला मनातून टाळी वाजवावीशी वाटली.

आणि मग पुडिंग यायच्या आत बॉयलरने जीव सोडला. आधी एक ढेकर, मग शांतता. थोड्या वेळाने आम्ही सगळे डोक्यावर नाताळच्या टेबलावर ओढून फोडायच्या पुठ्ठ्याच्या फटाक्यांतून निघालेले कागदी मुकुट आणि अंगावर कोट घालून बसलो होतो, निर्वासित राजघराण्यासारखे. नाताळच्या दिवशी बॉयलरवाला येत नाही. त्याच्या फोनवर त्याचाच आवाज आपल्याला शुभेच्छा देतो.

आत्याने हातमोजे चढवले. “असं करा ना, पुडिंग घेऊन सगळे आमच्याकडेच चला. आमच्याकडे काय, बारा महिने ऊब. पुढच्या वर्षीपासून परत आमच्याकडेच ठेवू नाताळ. उगाच कशाला तुझ्या जिवाला त्रास?”

आईचा चेहरा मी पाहिला. दिवाणखान्यात भक्कम फायरप्लेस, तिच्यात लाकडं, आणि समोर पाच माणसं गारठलेली. तिने मुकुट सरळ केला.

“कुणी कुठे जाणार नाही. क्लाइव्ह, पेटव.”

“काय पेटवू?”

“फायरप्लेस!”

“पण तो रंग...”

“पेटव म्हटलं ना!”

बाबांच्या डोळ्यांत आनंद मावेना. कीथ काका दिवसभरात पहिल्यांदा बोलले. “थांब, ही घे,” म्हणाले, आणि पुडिंगवर ओतायची ब्रँडी त्यांनी ओंडक्यांवर ओतली.

वॉर्निश आणि गोंद काय सुंदर पेटतात. दोन-चार क्षण खोली खरंच उबदार झाली. मग धुराच्या लक्षात आलं की वर धुराड्यात कावळ्यांनी संसार थाटलाय. तो माघारी फिरला आणि सरळ आमच्यात येऊन बसला. धुराचा अलार्म किंचाळायला लागला. बाबा त्याला नेहमीप्रमाणे भांडी पुसायच्या फडक्याने वारा घालत होते आणि मी ओंडक्यांवर बादली ओतली. बाकीचे बागेत पळाले.

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. “सगळं ठीक ना?”

“ठीक, ठीक!” आई खोकत म्हणाली. “तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा!”

खिडक्या उघडल्या, धूर निवळला, आम्ही आत आलो. आणि समोर ती फायरप्लेस, धुराने रंगलेली. चुलीच्या तोंडाशी गडद मध, मग भाजलेला पाव, मग लोणी, आणि वर फळीशी येईतो नुसता सोनेरी निःश्वास. हातांनी कुणी रंगवू म्हटलं तर जन्मात जमलं नसतं. बाबा माफी मागायला तोंड उघडत होते. आईने त्यांच्या पायावर पाय दिला.

कारण आत्या बघत होती. दिवसभर न बघण्याची शपथ घेतलेली आत्या, धुराने पाणावलेले डोळे मोठे करून बघत होती. आणि दिवसभर न बघितल्यामुळेच, ती आधी कशी होती हे अख्ख्या खोलीत फक्त तिला ठाऊक नव्हतं.

“काय नाव गं,” आत्याने घसा साफ केला, “या रंगाचं?”

मला वाटलं, आई आता खोटं सांगणार. जिन्याचा बदला. पण तिने स्वयंपाकघरातून डबाच आणून दाखवला.

“‘उंदराची शंका’. दोन हात मारलेत. विचार क्लाइव्हला.”

“दोनच,” बाबा म्हणाले. अगदी खरं.

जानेवारीत आत्याचा फोन आला. आईने स्पीकर लावला, मला खुणेने बसवलं.

“लॉरेन, ते तुझ्यासारखं येत नाहीये. नुसतं दवाखान्यासारखं दिसतंय.”

“किती हात झाले?”

“चौथा चालू आहे. कीथची पाठ गेली.”

“तुमची खोली उत्तरेची ना गं,” आई हळहळली. “उजेडाचा दोष. अजून एक मारून बघ.”

आमच्या दिवाणखान्याला अजून धुरी दिलेल्या माशाचा वास येतो. बाबा एकदा ओला स्पंज घेऊन विटांकडे गेले होते, तेव्हा आईने त्यांना पूर्ण नावाने हाक मारली. ‘लाकडाचा धूर’ मेणबत्ती तिने आत्याला पाठवून दिली.