सहा फुटांचा बाजार

अंबादास गुरुजींनी पकडीनं चौकटीचा शेवटचा खिळा उपसला आणि कॅनव्हास सैल होऊन त्यांच्या मांडीवर पडला. माकणीच्या धरणाचं चित्र होतं. रंगाची बाजू बाहेर ठेवून ते प्लास्टिकच्या जाड पाइपाभोवती गुंडाळू लागले. रंग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शारदाबाई मध्ये आपल्या जुन्या साडीचा तुकडा सरकवत होत्या.

"किती झाली?"

"एकसष्ट."

तेवढीच अजून मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती.

कळंबच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून गुरुजी निवृत्त झाले, तोवर ती खोली चित्रांनी भरून गेली होती. आता पंधरा दिवसांवर मुकुलचं लग्न आलं होतं. खोली रिकामी करा, असं मुलानं तोंडानं कधी म्हटलं नाही. पलंग कुठं बसेल याचं माप तेवढं घेतलं, आणि माप घेताना हलवलेलं प्रत्येक चित्र पुन्हा जागच्या जागी नीट ठेवलं. त्याच्यावर रागावायचं तरी कसं, हे गुरुजींना कळेना.

त्यांनी सगळीकडं विचारून पाहिलं होतं. शाळेनं चार चित्रं ठेवून घेतली, ती जिन्याखाली गेली. माकणीच्या चुलतभावानं, बब्रुवाननं, अकरा नेली. दोन उंदरांनी कुरतडल्यावर उरलेली नऊ तो स्वतःच एसटीनं परत घेऊन आला आणि चहा न घेताच गेला. तुळजापुरात एका लॉजच्या मालकानं देवीचं एखादं आहे का म्हणून विचारलं. गुरुजींनी देवी कधी काढली नव्हती. आता सगळी गुंडाळून दिवाणाखाली, कपाटावर, जमेल तिथं सारायची होती.

एक चित्र मात्र गुंडाळता येत नव्हतं. सहा फूट लांब, चार फूट उंच, आठवडी बाजाराचं. त्यावरचा रंग सुरीनं इतका जाड थापलेला होता की वाकवताच तडकला असता. ते बाहेरच्या खोलीत लावायचं ठरलं होतं. मुकुलनं भिंतीवर पेन्सिलनं खुणाही केल्या होत्या. सगळ्यांतलं हे एकच भिंतीवर राहणार, म्हणून गुरुजींनी ते ओल्या फडक्यानं पुसून दाराशी उजेडात ठेवलं होतं.

दुपारी सखूबाई लग्नाचे गहू निवडायला आली. पूर्वी ती आणि तिचा नवरा बाजारात बसायचे. आठ वर्षांपूर्वी तो वारला आणि तिनं बाजार सोडला. दारातून आत येता येता ती चित्रापाशी थबकली. वाकली. मग तशीच खाली बसली.

"वैनी, हे आमचे मालक हायत."

शारदाबाईंनी सुपातून मान वर केली. चित्रात पुढंच एक माणूस उकिडवा बसून तराजू तोलत होता. पागोटं मागं सरकलेलं, मिशी जाड, एक डोळा किंचित बारीक.

"ह्यो डोळा बघा की. वजन करताना असाच बारीक करायचे." सखूबाईनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. "हात लावू का, गुरुजी?"

"लावा."

तिनं मिशीवरून बोट फिरवलं. रंगाचा उंचवटा तिच्या बोटाला लागत होता. ती बराच वेळ तसंच फिरवत राहिली. सोलापुरात एकदा गुरुजींचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं लोक फराळाच्या बश्या हातात घेऊन एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं गेले होते. या चित्रासमोर तेव्हा कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं.

"घरात त्यांचा फोटू एकच, रेशन कार्डावरला," सखूबाई म्हणाली. "त्यातबी निम्मं तोंड शिक्क्याखाली गेलंय."

शारदाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. "अहो सखूबाई, हे तर..."

गुरुजींनी त्यांच्याकडं पाहिलं. शारदाबाई परत सुपापाशी बसल्या.

दोघांनाही ठाऊक होतं. तो शाळेचा शिपाई शिवशरण होता. बाजारात गुरुजींनी नुसत्या पेन्सिलच्या रेघोट्या काढून आणल्या होत्या. माणसं घरी बसून रंगवली. शिवशरण चार रविवार ओसरीवर रिकामा तराजू धरून बसला होता आणि शारदाबाईंनी त्याला दर वेळी दोन कप चहा दिला होता.

"चित्र न्या तुम्ही," गुरुजी म्हणाले.

"आमच्या पत्र्याच्या खोलीत हे कुठं मावतंय? दारातनंच आत जायचं न्हाय."

"मग मी लहान काढून देतो. नवं."

"नवं तुमच्या मनानं काढाल," ती म्हणाली. "हे त्यांला बघून काढलंय."

शारदाबाई म्हणाल्या, "मुकुल मोबाइलवर फोटो काढून मोठा करून देईल."

"व्हय. तसंबी चालंल." सखूबाई उठली. गव्हाच्या पोत्यापर्यंत गेली आणि परत आली. "गुरुजी, एवढंच कापून देता येत न्हाय का?"

तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कापडाच्या दुकानात तुकडा मागावा तसं तिनं विचारलं होतं. गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. परत घातला. मग भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणांकडं बघत राहिले.

"अगं, माझी पात्याची सुरी कुठं आहे?"

"अहो!"

"कुठं आहे?"

शारदाबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी गुरुजींनीच खोक्यातून सुरी शोधली. चित्रापुढं बसून पातं टेकवलं, एकदा उचललं आणि पुन्हा टेकवलं. जाड रंग कुरकुरत कापला गेला. काठाचे दोन पोपडे फरशीवर पडले. पागोट्यापासून तराजू धरलेल्या हातापर्यंत, वहीच्या पानाएवढा तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी सखूबाईला दिला.

तिनं तो गुडघ्यावर ठेवला.

"तवा काय बोलले का ओ तुमच्याशी?"

गुरुजी पुढं उरलेल्या चित्राकडं पाहत होते. भोकाखाली, तराजूखालच्या ढिगाचा लाल रंग तसाच होता.

"बोलले ना. मिरच्या घ्या म्हणाले. ताज्या आहेत."

सखूबाईनं मान वर केली.

"मिरच्या आमी कधीच इकल्या न्हाईत, गुरुजी. आमचा कांदा."

शारदाबाईंनी सूप उचललं, पण पाखडलं नाही. सखूबाई खाली तुकड्याकडं बघू लागली. अंगठ्यानं तिनं तो बारीक डोळा झाकला, उघडला.

"शेजारच्याच्या पाटीवर बसले असतील," ती म्हणाली. "दुसऱ्याचा माल इकून द्यायची लई सवय त्यांला."

तिनं तुकडा पदरात गुंडाळला आणि गहू निवडायला बसली.