काकूंचा नवस आणि तात्यांची मासिकं

मी जून १९८७चा अंक बोलतोय. घरच्या घरी रेडिओ, घंट्या, दिवे बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी एक मासिक निघायचं, त्याचा. खरं म्हणजे छापखान्यापासून सुरुवात करायला हवी. पण माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती सुनीतीकाकूंनी एकदा बोललेल्या नवसामुळे. तेव्हा आधी तोच सांगतो.

नवस बोलण्यात काकूंचा हात अख्ख्या दहिवलीत कुणी धरणार नाही. लेकीची, आसावरीची, दहावी असो, शेजारणीचं बाळंतपण असो, काकूंचा काहीतरी नेम ठरलेला. कधी साखर सोडली, कधी महिनाभर अनवाणी चालल्या. सोडायचं ते स्वतःचं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

या चैत्रात मात्र गडबड झाली. तात्यांच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू जुना, त्यात मधुमेहानं आतला पडदा सुजलेला. "दिसेल, पण बारीक अक्षर वाचता येईल असा शब्द देत नाही," डॉक्टर म्हणाले. काकूंनी वॉर्डातल्या मावशींना विचारलं, "महड कुठल्या अंगाला आलं हो?" आणि त्या बाजूला तोंड करून हात जोडले.

"वरदविनायका, यांना वाचता येऊ दे. यांची माळ्यावरची मासिकं तुळशीच्या लग्नाच्या आत एकूण एक वाचणाऱ्या हातांत देईन. तोवर चहाला शिवणार नाही."

तात्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

गणपती पावला. घरी आल्याबरोबर तात्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर तिथी-नक्षत्रांसकट खडाखडा वाचून दाखवलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आणि तात्या म्हणाले, "अगं, शिडी आण. माझी मासिकं काढू खाली. आता सगळी पुन्हा वाचणार!"

काकूंनी शिडी काही आणली नाही.

तात्यांना आमचा एवढा लळा का, तेही सांगतो. माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या छापखान्यात झाला. पोस्टानं मी खोपोलीला आलो. तात्या तेव्हा तिथल्या एका कागद कारखान्यात वायरमन होते. त्या कारखान्यात गावोगावची रद्दी यायची आणि लगद्याच्या हौदात पडायची. चांगली चांगली पुस्तकं डोळ्यांदेखत विरघळताना तात्यांनी पाहिली होती. आपलं एकही मासिक त्या हौदात जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं.

त्यात मी तर लाडका. माझ्या एकतिसाव्या पानावर तात्यांनी स्वतः जुळवलेला तारांच्या जोडणीचा नकाशा छापून आलाय: पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. खाली त्यांचं नाव, 'खोपोली' असा पत्ता. त्या दिवशी तात्यांनी कारखान्यात पेढे वाटले, आणि नव्या नवरीच्या उत्साहात असलेल्या काकूंनी मला देव्हाऱ्यासमोर ठेवून फूल वाहिलं.

पुढे मासिक बंद पडलं. घरात टीव्ही आला. आम्ही एकाहत्तर भावंडं डांबराच्या गोळ्यांसह दहिवलीच्या या घराच्या माळ्यावर गेलो. माणसांची ही एक गंमत आहे. टाकवतही नाही आणि उघडवतही नाही, अशा वस्तूसाठीच बहुधा त्यांनी माळा शोधून काढला असावा. काही भावंडांना कसर लागली. मी सुतळीखाली दबून पडून राहिलो.

तर आता त्या नवसाकडे येऊ. काकूंनी रडतरडत सगळं सांगितलं. ऐकून तात्या भडकले.

"नवस तुझा आणि मासिकं माझी? उद्या माझं धोतर बोलशील देवाला!"

"अहो, तुम्हाला वाचता येईल असा शब्द देत नाही म्हणाले होते ना डॉक्टर. माळ्यावर पडून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडली असती. गणपतीला बरं वाटेल असं वाटलं."

"आणि काय बोललीस? वाचणाऱ्या हातांत. मग हे माझे हात काय भजी तळतात?"

काकूंना हसू आलं, पण त्या बधल्या नाहीत. "देईन म्हटलंय. स्वतःच्याच घरात कुणी देतं का?"

आसावरीनं फोनवरून तोडगा काढला. "बाबा, पानांचे फोटो काढून मोबाईलवर ठेवा. अंक देऊन टाका."

"फोटोला वास येतो का गं?" तात्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी तडजोड झाली ती चहामुळे. सकाळी तात्यांचा कप समोर, आणि काकू डोकं धरून गरम पाण्याचे घोट घेताहेत. चाळीस वर्षांची सवय ती. आठव्या दिवशी तात्यांनाच ते बघवेना. "बरं. रोज एक वाचीन. वाचून झाला की दे. पण माणूस मी पारखणार!"

मग काय विचारता! आमच्यासाठी स्थळं बघणंच सुरू झालं. मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा विपुल आला, तर तात्यांनी त्याला उभ्या उभ्या एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. "तात्या, मी अंक न्यायला आलोय की मुलगी मागायला?" विपुल म्हणाला. पण पान संपल्यावर त्यानं पुढचं स्वतःहून उलटलं. पास! त्यानं एकदम चार नेले. काही खोपोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धनेशसरांकडे गेले. एक जण नुसता फोटो काढून ऑनलाइन विकायच्या बेतात होता. त्याला तात्यांनी सरबत पाजून वाटेला लावलं. काकू प्रत्येक अंकाला हळदकुंकवाचं बोट लावायच्या आणि तात्या ओरडायचे, "अगं, कंडेन्सरवर कुंकू लावलंस! आता मुलांनी काय समजायचं?"

श्रावण गेला, नवरात्र गेलं. एकेक भाऊ निरोप घेऊन गेला. वाटलं होतं त्यापेक्षा तात्या खूश होते. विपुल संध्याकाळी शंका विचारायला यायचा आणि दोघं तारांमध्ये डोकी घालून बसायचे.

सत्तर गेले. राहिलो मी. आणि मला तात्यांनी गादीखाली लपवलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चादर बदलताना काकूंना मी सापडलो. त्यांनी एकतिसावं पान उघडलं. तात्यांच्या छापील नावावरून बोट फिरवलं. वाटलं, आता त्या मला घेऊन बाहेर जाणार. पण त्यांनी मला होतो तिथेच ठेवलं, वरून नवी चादर नीट ओढली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन हळूच म्हणाल्या, "देवा, सत्तर दिले. हा एक राहू दे त्यांना. शब्द माझा मोडतोय, त्यांचा नाही. चहा मग मी कायमचाच सोडते."

ओटीवर तात्यांचा कप तोंडापर्यंत गेलेला तसाच थांबला. घर लहान, सगळं ऐकू जातं.

त्यांनी कप खाली ठेवला.

एवढ्यात फाटकाशी हाक आली. पोशीर गावच्या मोतीबाई. दरवर्षी तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळे, चिंचा घेऊन येतात. बरोबर सून, विनिता.

"घे गं काकू, ऊस. या वक्ताला दोनच आणलं. जीव थाऱ्यावर नाय माझा."

"का गं, काय झालं?"

"काय व्हनार! हिनं पंप बसवला, वर टाकी बांदली. सकाळी बटन दाबायचं नि इसरायचं. टाकी भरून व्हाते नि पानी थेट खळ्यात. काल दोन भारे भिजलं भाताचं. आता झोडणीच्या टायमाला मी टाकीची राखण करत बसू का झोडू?"

विनिता लाजली. तिनं वायरमनचा कोर्स केलेला, गावातले पंप तीच बघते. "काका, बाजारात अलार्म मिळतो, पण दोनदा आणला, दोनदा बिघडला. आपणच बनवावा म्हणते. विपुलदादा म्हणाला, तात्यांना विचार."

तात्या उठले. आत गेले, गादी उचलली आणि मला घेऊन बाहेर आले. काकू दारातच थबकल्या.

"हे बघ. वहीत उतरवून घे," तात्या म्हणाले. मला हातात द्यायची त्यांची तयारी नव्हतीच. एक कोपरा घट्ट धरून ठेवला होता.

विनिता ओटीच्या पायरीवर बसली. तिनं नकाशावर बोट ठेवून तारेमागून तार तपासली. एका जागी थांबली. परत मागे गेली.

"काका, एक बोलू? राग नाय ना येनार?"

"बोल."

"या ट्रान्झिस्टरचे दोन पाय उलटे दाखवलेत. असं जोडलं तर घंटी वाजनारच नाय."

मोतीबाईंनी सुनेला कोपर मारलं. "अगं, मोठ्या मानसाच्या कामात चूक काय काढतेस?"

आणि तात्या हसत सुटले. "अडतीस वर्षं झाली! छापताना उलटं झालं होतं. तीन पत्रं पाठवली संपादकांना, दुरुस्ती काही छापून आली नाही. मी पेढे वाटले त्यातल्या एकानं, एकानंही हे पाहिलं नव्हतं. सगळे नाव वाचून गेले. नकाशा तू वाचलास, पोरी!"

त्यांची पकड आपोआप सुटली. मी विनिताच्या मांडीवर होतो.

"ने," तात्या म्हणाले. "उतरवून नको घेऊस. ने तू हा." मग घसा खाकरून काकूंना म्हणाले, "अगं, बोट लाव याला. कुठेही लाव. आणि आधण ठेव. दोन कपांचं नाही, चार कपांचं."

काकूंनी मला कुंकू लावलं. चहात त्या दिवशी साखर दोनदा पडली, मोतीबाई म्हणाल्या, "पाक हाय का चहा?" पण कप कुणीच खाली ठेवला नाही.

आता मी पोशीरला असतो, पंपाच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. घंटी वाजली की मोतीबाई ओरडतात, "विनिता, बंद कर गं, कान किटलं माझं!" खळं कोरडं आहे. माझ्या एकतिसाव्या पानावर विनितानं पेन्सिलीनं ते दोन पाय सुलट करून ठेवलेत. परवा तात्या येऊन ती खूण चष्मा न लावता बघून गेले. माझा कागद आता घडीवर फाटतोय. आणखी फार वर्षं निघतील असं वाटत नाही. पण माळ्यावरच्या पस्तीस वर्षांत मी जगलो नाही एवढा या दिवसांत जगलोय.

तुमच्याही माळ्यावर माझी भावंडं असतील. कुणी विणकामाची, कुणी बागेची, कुणी तिकिटं जमवणाऱ्यांची. काकूंसारखा तुम्हीही एखादा नेम धरा. घरच्यांना विचारून धरा, एवढंच. रोज एक नाही जमलं, तर महिन्याला एक द्या. गठ्ठा करून नका देऊ. आमच्यातलं एक पान उघडा, समोरच्याच्या हातात ठेवा आणि थोडं थांबा. त्याचं बोट ओळीवरून फिरायला लागलं, की तुम्ही आपला हात काढून घ्या.