घड आपटू नये

नाजमीन मॅडमनी प्लास्टिकच्या केळ्यांचा घड छातीएवढ्या उंचीवर धरला आणि टेबलावर सोडून दिला. सभेतले सगळे दचकले.

"खरा घड असता, तर व्यापाऱ्यानं तो घेतला असता का?" त्यांनी विचारलं.

जळगाव-धुळ्याच्या शाळांची रोबोट स्पर्धा, आणि पुढच्या वर्षासाठी नियमांत बदल सुचवायची ही सभा. खेळ सोपा होता. रोबोटने घड उचलून खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरायचे, जो जास्त भरेल तो जिंकला. मॅडमच्या यावलच्या शाळेतल्या मोहिनीचा रोबोट मात्र तान्ह्या पोराला निजवावं तसा एकेक घड अलगद ठेवत बसला आणि शेवटून पहिला आला. पंचांनी कारण विचारलं, तर घरी केळीच्या बागा असलेली ती पोर म्हणाली, घड आपटला की केळं काळं पडतं. अख्खा हॉल हसला. त्या दिवसापासून तिने प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही. वर्गातही मान वर करीना. मॅडमना ते बघवेना. शेवटी त्यांनी तिला शब्द दिला, नियम बदलून आणते, मग येशील? पोरीने नुसती मान हलवली होती.

आता सभेची रीत अशी, की सूचना एकाने मांडायची आणि दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यायचं. त्याशिवाय ती पुढे सरकत नसे. मॅडमनी सगळीकडे पाहिलं. जो तो आपल्या चहाच्या कपात डोकावत होता. शेवटी धुळ्याचे भटू सर उठले.

"मना पाठिंबा शे," ते म्हणाले. "जो आपटेल त्याचे गुण कापा."

सूचना मंजूर झाली. मॅडमचे डोळे भरून आले. टेबलाखाली हात नेऊन त्यांनी मोहिनीच्या वडिलांच्या फोनवर निरोप धाडला, झाला तुझा नियम. पुढची सूचना भटू सरांचीच होती. ते काय बोलले याकडे मॅडमचं लक्षच नव्हतं. आपल्यासाठी जो उठला त्याच्यासाठी आपण उठायचं, ही तिथली न बोलता चालणारी देवघेव. मॅडम हात वर करून उठल्या, अनुमोदन म्हणाल्या आणि बसल्या.

मग अध्यक्ष प्रेमराज सरांनी ठराव वाचून दाखवला. दहावीला बोर्डाची परीक्षा असते, तेव्हा दहावीच्या मुलांना यापुढे स्पर्धेत घेऊ नये. टाळ्या पडल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोहिनी जूनमध्ये दहावीत जाणार होती. मॅडम पुन्हा उठल्या, माझं लक्ष नव्हतं, अनुमोदन मागे घेते म्हणाल्या. प्रेमराज सर समजुतीने हसले. ठराव झाला मॅडम, आता पुढच्या वर्षीच्या सभेत बघू, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. भटू सरांचा तरी काय दोष? दरवर्षी दहावीच्या मुलांचे पालक त्यांच्याशी भांडायला येत.

मॅडम व्हरांड्यात आल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, पप्पांनी आत्ताच बागेतून घड आणून दिला," मोहिनी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. "तो उचलून बघत बघतच रोबोटचा नवा हात करते. सुट्टीतच येऊ का शाळेत?"

ठरावाचं सांगायचं ते मॅडमच्या जिभेवर येईना.

"ये," त्या म्हणाल्या. "उद्याच ये."