काचेवरचे ठिपके

तिरुचीच्या इस्पितळात काम करणाऱ्या श्रीविद्या या जुन्या विद्यार्थिनीच्या पत्राला अनिरुद्धरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्रासोबत कापसात गुंडाळलेली काच आली होती. तिच्यावर विघ्नेश नावाच्या तरुणाच्या फुप्फुसाचा पातळ कापलेला तुकडा होता. 'सर, यातल्या मोठ्या, काळ्या पेशी कर्करोगाच्या आहेत का? आमच्या विभागाच्या सरांना तसं वाटतं, मला नाही,' एवढंच तिने विचारलं होतं.

अनिरुद्धरावांनी तंजावरात उभा जन्म पॅथॉलॉजी शिकवली होती. काच त्यांनी आली त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशी ओळखीच्या वाटल्या: रक्तातल्या प्लेटलेट्स घडवणाऱ्या. पण त्यांचं घर हाडांच्या मज्जेत. फुप्फुसात एखाददुसरी दिसायची, इथे तर झुंड होती. आपली नजरच म्हातारी झाली असेल, असं म्हणून त्यांनी पेन उचललं नाही.

आज सकाळी तिचाच फोन आला, तिरुचीहून.

"सर, विघ्नेशचं परवा ऑपरेशन. उजवं फुप्फुस निम्मं काढणार. तिरुवैयारुत बासरी शिकवतो हो तो!"

"आधी आजारी होता का?"

"मोठा न्यूमोनिया. रक्तातही जंतू पसरले होते."

"मग त्या... प्लेटलेटवाल्याच असाव्यात."

"असाव्यात म्हटल्यावर कोण थांबेल? लिहून, सही करून द्या, सर. काचेवर ठिपके देऊन ती परत पाठवा. उद्या दुपारी सगळे डॉक्टर बसून बघणार आहेत. काच आली नाही तर आमच्या सरांचंच खरं."

त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी चंद्रमती कापीचा वाफाळता पेला घेऊन आल्या.

"चुकलो तर, चंद्रा? कर्करोग असला आणि मी थांबवलं, तर पोरगा जाईल."

"आणि नसला नि तुम्ही गप्प बसलात, तर त्याची बासरी तुम्ही फुंकणार का? कापीत साखर पुरे का विचारलं तरी 'असेल' म्हणता. बसा आता त्या यंत्रापुढे!"

ते बसले. गेल्या काही वर्षांतले लेख त्यांनी वाचले होते. फुप्फुसातल्या या पेशी जंतू गिळतात, त्यांचे तुकडे पहाऱ्यावरच्या पेशींना दाखवतात. जंतू रक्तात पसरले की प्लीहेतही यांची फौज उभी राहते. पण हे सगळं उंदरांत दिसलेलं. उंदरांचं ठीक, या पोराचं काय?

ज्या पेशीवर मत द्यायचं तिच्या शेजारी शाईचा ठिपका द्यायचा, ही जुनी रीत. ठिपका दिला की माघार नाही. पहिल्या पेशीशी ते कितीतरी वेळ अडले. दुसरी लांबट, केशवाहिनीच्या पोकळीत दाबून बसलेली. तिसरीही तशीच. आता मुद्दाम ते वाहिनीबाहेर पडलेली पेशी शोधू लागले. भिंत फोडून शेजारच्या मांसात घुसलेली एक जरी सापडली असती, तर सगळं मत कोसळलं असतं. कपाळाचा घाम चष्म्यावर उतरला. त्यांनी काच टोकापासून टोकापर्यंत सरकवली, मग पुन्हा उलटी. सगळ्या पेशी वाहिन्यांच्या आतच होत्या. विभाजन होत असलेली एकही नव्हती. त्यांनी एकेका पेशीशेजारी ठिपका दिला.

त्यांनी कागद ओढला. 'हा कर्करोग नाही. या प्लेटलेट घडवणाऱ्या पेशी आहेत, संसर्गानंतर फुप्फुसात जमलेल्या. उरलेल्या तुकड्यावर प्लेटलेटच्या प्रथिनाचा खास रंग चढवून पाहा. तो पाहिल्याशिवाय सुरी लावू नये.' खाली सही. खाडाखोड नव्हती.

चंद्रमतींनी रिक्षा थांबवून ठेवली होती. मोठ्या देवळापाशी बस आडवी आली. अनिरुद्धराव काच आणि कागद ठेवलेली डबी छातीशी धरून पुढे वाकून बसले. पोस्टात पोचले, तर खिडकीतली बाई पाटी उलटी करत होती.

"वेळ संपली, अय्या," तिने तमिळ अदबीने सांगितलं. "उद्या या."

एरवी ते मान हलवून परतले असते.

"टपालाची पिशवी बांधली?"

"बांधतायत."

"मग घ्या हे. उद्या दुपारच्या आत तिरुचीला पोचायला हवं. माणसाच्या जिवाचं आहे."

बाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, डबी तोलली, शिक्का मारला आणि मागे वळून ओरडली, "थांब रे, एक राहिलंय!"