मास्तरांची झोपेची परीक्षा

चित्ताची शांती माणसाला आयुष्यभराच्या साधनेनंतरच लाभते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना ती शिकाऊ चालकाच्या शेजारच्या सीटवर लाभली होती, कारण त्या सीटवर ते झोपलेले असत.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मास्तर काळा चष्मा लावत. हनुवटी जरा छातीकडे झुकलेली, दोन्ही हात मांडीवर. शिकणाऱ्याला वाटे, मास्तर गंभीर विचारात आहेत. गिअर करकरला तरी ते काही बोलत नसत, चाक फुटपाथला घासले तरी बोलत नसत. ‘दुसरीकडचे शिक्षक अंगावर येतात, आमचे मास्तर कधी आवाज चढवत नाहीत,’ असे लोक एकमेकांना सांगत आणि त्यावर स्कूल झकास चालले होते.

वाचकहो, घोरणे हा आपल्या घरांत थट्टेचा विषय असतो. ज्याचे पोट दुखते त्याला आपण डॉक्टरकडे नेतो आणि जो घोरतो त्याची नक्कल करतो. मास्तरांच्या घरीही तेच चाले. मेहुणे मुक्कामाला आले की सकाळी चहा घेताना म्हणत, “मास्तर, रात्री इंजिन फार आवाज करत होतं. एकदा सायलेन्सर बदलून घ्या.” मास्तर हसत, मुलगी हसे. मास्तरांची बायको घरी शिवणकाम करायची. ती मात्र कपांत चहा ओतत राही.

असे वर्षानुवर्षे चालले असते, पण एका सकाळी बँकेत काम करणाऱ्या एक बाई गाडी शिकत होत्या. शाळेजवळच्या वळणावर एक आजोबा रस्ता ओलांडत होते. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्यावर असायला हवा होता, तो मागे सरकून सीटखाली गेला होता. बाईंनी घाबरून क्लचवरचा पाय एकदम काढला आणि गाडी आचके देत बंद पडली. बंपर आणि आजोबा यांच्यात वीतभर अंतर राहिले. त्या आचक्याने मास्तर जागे झाले, समोर पाहिले आणि म्हणाले, “छान. थांबवलीत ते बरं केलंत.”

बाईंनी ही हकिकत सगळ्या बँकेला सांगितली. “काय विश्वास बघा माझ्यावर. ब्रेकला पायसुद्धा लावला नाही त्यांनी.”

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले.

त्यांच्या लायसन्सचे नूतनीकरण जवळ आले होते. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता, म्हणून ते रुग्णालयात गेले. बरोबर बायको होती. डॉक्टरांनी विचारले, “झोप कशी लागते?”

“एकदम उत्तम. पाठ टेकली की लागते.”

“पाठ टेकायच्या आधीपण लागते,” बायको म्हणाली. “आत्ता बाहेर बाकावर लागली होती. समोरचं बाळ घाबरून रडायला लागलं.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मास्तरांची मान टेपने मोजली, घसा पाहिला आणि सांगितले, की एक रात्र रुग्णालयात झोपून तपासणी करावी लागेल. झोपेत श्वास अडतो का, किती वेळा अडतो, हे त्यातून कळेल. ते कळल्याशिवाय दाखला देता येणार नाही.

आता मास्तरांची चूक समजून घ्यायला त्यांचा व्यवसाय लक्षात घ्यावा लागेल. त्यांनी उभे आयुष्य लोकांना परीक्षेत पास करण्यात घालवले होते. ‘एरवी कशीही चालवा, साहेब शेजारी बसले की आरशात दोनदा बघायचं. दिसलं पाहिजे की तुम्ही बघताय,’ हा त्यांचा मंत्र होता. तपासणी म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. साहेब बघणार आहेत, तेवढा वेळ नीट वागायचे.

ठरलेल्या संध्याकाळी ते घरून निघाले तेव्हा बायकोने पायजमा-सदऱ्याची घडी पिशवीत घातली. मास्तरांनी वाटेत, रुग्णालयाच्या कँटीनमध्ये, साखर न घालता दोन मोठे कप काळी कॉफी घेतली.

खोली बरी होती. एक खाट, एक पडदा, भिंतीवर धबधब्याचे चित्र आणि छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. तपासणी करणाऱ्या बाईंनी त्यांच्या डोक्याला ठिकठिकाणी गार लगदा लावून तारा चिकटवल्या. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पोटऱ्यांनाही तारा. छातीवर एक पट्टा, पोटावर एक. नाकाखाली नळी. बोटाला चिमटा. सगळ्या तारा एका डबीत नेऊन खोचल्या, तेव्हा मास्तर बॉनेट उघडून गॅरेजमध्ये लावलेल्या गाडीसारखे दिसू लागले.

“आता घरच्यासारखे झोपा,” बाई म्हणाल्या.

“एवढं बांधून?”

“सगळे हेच म्हणतात. आणि मग झोपतात. कूस बदलली तरी चालेल. बाथरूमला जायचं असेल तर नुसती हाक मारा, मी डबी सोडवायला येईन.”

बाई शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. दिवा मालवला गेला. आणि जो माणूस सिग्नलला, न्हाव्याच्या खुर्चीत, मुलीच्या शाळेच्या संमेलनात पहिल्या रांगेत बसून झोपला होता, तो माणूस त्या मऊ खाटेवर डोळे वटारून पडून राहिला. पाठीवर झोपले की घोरणे वाढते हे त्याला मेहुण्यांकडून ठाऊक होते, म्हणून तो कुशीवर पडला. तोंड मिटून नाकाने संथ श्वास घेत राहिला. झोप अंगावर येऊ लागली की मांडीला चिमटा काढी आणि रस्त्यावरच्या सगळ्या खुणा मनात म्हणे. पुढे अरुंद पूल. पुढे तीव्र उतार. हॉर्न वाजवू नका.

“मास्तर, झोप येत नाहीये का?” भिंतीवरच्या स्पीकरमधून बाईंनी विचारले.

“गाढ झोपेत आहे,” मास्तर म्हणाले.

उजाडल्यावर बाईंनी कोमट पाण्याने लगदा पुसून तारा काढल्या. मास्तरांचे डोळे तांबडे झाले होते, पण छाती फुगली होती. अवघड पेपर सोडवून बाहेर आल्यावर फुगते तशी.

दोन दिवसांनी ते एकटेच डॉक्टरांना भेटले. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, कारण तुम्ही झोपलाच नाहीत. पुन्हा यावं लागेल. आणि तोवर गाडीत बसून शिकवायचं नाही. हे मी गमतीत सांगत नाहीये.”

घरी आल्यावर मुलीने विचारले, “काय म्हणाले डॉक्टर?”

“रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही,” मास्तर म्हणाले. वाक्याचा उरलेला भाग ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आले होते.

मुलीला भलताच आनंद झाला. ती नुकतीच अठरा वर्षांची झाली होती आणि शिकाऊ लायसन्स पर्समध्ये घेऊन हिंडत होती. “मग बाबा, उद्यापासून मला शिकवायचं. आता आईपण नाही म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी गाडीचे ब्रेक बघून घ्यायचे होते. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर खोदकाम होते. मग मुलीच्या डोळ्यावर ऊन येईल असे निघाले, मग तिची परीक्षा जवळ आहे असे निघाले. त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात बँकेतल्या बाई आणि आणखी पाचसात जण रोज शिकत होते. आठवड्याच्या शेवटी मास्तर रस्ता ओलांडून समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. त्या स्कूलच्या मालकाला ते गेली कित्येक वर्षे ‘खाटीक’ म्हणत आले होते. तिथे त्यांनी स्वतःच्या मुलीचे नाव घातले.

खाटिकाला गहिवरून आले. त्याने फी घ्यायला नकार दिला.

त्या दुपारी मास्तर जेवायला घरी आले तेव्हा बायको मशीनवर पडद्याची शिवण घालत होती. तिने मशीन थांबवले.

“अहो, लेकीला समोर का घातलंत?”

“घरच्या माणसाला शिकवणं जमत नाही. सगळेच सांगतात.”

“तुमच्या बहिणीला तुम्ही शिकवलंत. माझ्या भावाला तुम्ही शिकवलंत, आणि त्याला तर सायकलसुद्धा धड येत नव्हती.”

“तेव्हा वेळ होता गं.”

“तेव्हा तुम्ही जागे होतात.”

मास्तर खुर्चीत बसले. बायकोने दोरा तोडला आणि कापड बाजूला ठेवले.

“तपासणीला झोपला नाहीत ना? मला त्या सकाळीच कळलं. एवढ्या वर्षांत तुम्ही सकाळी कधी तांबड्या डोळ्यांनी उठला नाहीत. तांबडे डोळे माझे असतात.”

“तुझे कशाला?”

“कोणीतरी जागं राहायला नको? तुम्ही घोरता, ते मला चालतं. घोरणं चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. मधेच ते थांबतं. एकदम. छाती हलते, पण आवाज नाही, श्वास नाही. मी बघत बसते. मग कोपराने ढोसते, तेव्हा तुम्ही बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेता आणि पुन्हा घोरायला लागता. घोरण्यावर सगळे हसतात. ते थांबतं तेव्हा हसायला कोणी जागं नसतं.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“दहादा बोलले. तुम्ही भावाला सांगितलंत, ताईला झोप कमी आहे, तिला दाखवा डॉक्टरला.”

मास्तरांना हे आठवत होते. त्या वेळी सगळे खूप हसले होते.

“लायसन्स गेलं तर खायचं काय, सांग,” ते हळूच म्हणाले. “लोकांसमोर मी कोणत्या तोंडाने सांगू, की मला झोपेचा आजार आहे? कोण बसेल माझ्या गाडीत?”

“कोणी बसू नये. आत्ता कोणी बसायलाच नको.” तिचा आवाज चढला नव्हता. “आपल्या लेकीला ज्या गाडीत बसवायला तुमचा जीव होत नाही, त्या गाडीत उद्या सकाळी कोणाची लेक बसणार आहे? तिच्या आईला सांगून ठेवलंय का तुम्ही?”

मास्तरांच्या डोळ्यांसमोर शाळेजवळचे वळण आले. पांढरा सदरा, हातात काठी, वीतभर अंतर. त्या आजोबांनी गाडीकडे पाहून हात वर केला होता. थांबल्याबद्दल आभार मानायला. आणि मास्तरांनी उलट हात केला होता!

ते उठले. बायकोने विचारले, “ताट वाढू ना?”

“स्कूलमध्ये जाऊन येतो आधी,” मास्तर म्हणाले. तिथून त्यांनी उद्याच्या सगळ्या शिकणाऱ्यांना फोन करून शिकवणी तूर्त बंद असल्याचे सांगितले. बँकेतल्या बाईंना ते म्हणाले, “त्या दिवशी मी ब्रेकला पाय लावला नाही, कारण मी झोपलो होतो.” बाईंनी फोन ठेवला. कामाला लागून इतकी वर्षे झाली होती, पण एवढे अवघड वळण मास्तरांनी कधी घेतले नव्हते.

कोणाची तरी तारीख रद्द झाली म्हणून मास्तरांना दुसऱ्या तपासणीला लवकर जाता आले. या वेळी कँटीन टाळले. तारा लावून होताच ते तपासणीच्या बाईंना म्हणाले, “मी पाठीवर झोपतो. जे काय वाईट दिसायचं ते दिसू दे.” बाईंनी दिवा घालवून शेजारच्या खोलीतली खुर्ची गाठली, तोवर मास्तर घोरत होते.

रिपोर्ट वाईट आला. दर तासाला चाळीसहून अधिक वेळा श्वास अडत होता. मेंदू दर वेळी दचकून जागा होत होता आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. “रात्रभर तुम्ही झोपत नाही, बुडत असता,” डॉक्टर म्हणाले. “मग ती झोप दिवसा वसूल होते.” त्यांनी एक छोटे यंत्र दिले. त्याचा मुखवटा नाकावर बांधून झोपायचे, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. मास्तरांना पहिले दोन दिवस तो काढून फेकावासा वाटला. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही विमान चालवताय असं वाटतं.” तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तेव्हा घरात चहाचा वास नव्हता. ऊन खिडकीतून पलंगावर आले होते आणि शेजारी बायको तोंड उघडे टाकून झोपली होती. मास्तरांनी पडदा ओढला आणि चहा स्वतः केला. तो वाईट झाला होता.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पाहून दाखला दिला. बँकेतल्या बाई परत आल्या नाहीत. बाकीचे आले आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळले, की मास्तरांना आवाज आहे. मुलगी समोरच्या स्कूलमधून परत आली. तिच्यावर तर ते इतके ओरडत, की खाटिकाकडे बरे होते असे ती आईला म्हणाली.

मग वाहनचालकांच्या आणि ड्रायव्हिंग शिक्षकांच्या संघटनेची बैठक झाली. टायरच्या किमती हा विषय संपल्यावर मास्तर उभे राहिले. “मला घोरण्याबद्दल बोलायचंय,” ते म्हणताच खोलीत खसखस पिकली. मागून कोणीतरी घोरण्याचा आवाज काढला. हसणे संपल्यावर त्यांनी सगळे सांगितले. वळण, आजोबा, कॉफी, लेकीचे नाव समोर घातले तेही. शेवटचे ऐकताना खाटिकाने मान खाली घातली.

“दादांनो,” मास्तर म्हणाले, “आपण लोकांना सांगतो, जागं राहणं हे चालकाचं कर्तव्य आहे. त्याच्या आधीचं कर्तव्य नीट झोपणं हे आहे. ते जमत नसेल तर लपवू नका. डॉक्टरची तपासणी पास व्हायला नसते, आपलं खरं दिसायला असते. आणि घरातलं माणूस सांगतं ना, तुमचा श्वास थांबतो म्हणून, त्याच्यावर हसू नका. ते तुमच्यासाठी जागं असतं.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रुग्णवाहिकेचा चालक उभा राहिला आणि म्हणाला, “मी जातो तपासायला. मला गेल्या महिन्यात सिग्नलला लागली होती.” मग शाळेच्या बसचा चालक उठला. मग खाटीक. बघता बघता निम्मी खोली उभी होती.

वाचकहो, माणसे बदलतात. खरे बोलणारा एक जण पुढे झाला की दहा जणांची जीभ सुटते, हे त्या दिवशी दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे मिळून रुग्णालयात गेले. झोपेच्या तपासणीची खाट एकच होती आणि पुढची मोकळी तारीख पाच महिन्यांनंतरची होती.