थेंबाची वाट

पित्ताशय काढून मी घरी आलो, तेव्हा माझं पोट माझ्याआधी घरी पोचलं होतं. ते स्वयंपाकघराएवढं झालं होतं, किंवा स्वयंपाकघर पोटाएवढं; अशा बाबतीत मला खात्रीनं सांगता येत नाही. भिंती गुलाबी, ओलसर होत्या आणि सावकाश हलत होत्या. माझी बायको कुमुद आत मुगाची खिचडी ढवळत होती. छतातून हिरवट सोनेरी थेंब पडत होते.

"पातेलं लावून पाहिलं," ती म्हणाली. "साठत नाही."

मी डॉक्टरांना फोन केला.

"साठवायची पिशवीच काढली ना," ते म्हणाले. "पित्त यकृतात तयार होतं. ते येत राहणार, पण थेंबाथेंबानं. थोडं थोडं खा. तूप बेतानं."

मी पाटावर बसून वर पाहत राहिलो. यकृताबद्दल मी पुस्तकांत वाचलं होतं. पण मी वाचत असतानाही ते असं गळत होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझी टोपी आदरानं आपोआप हातात आली.

तेवढ्यात माझी थोरली बहीण, अक्का, पुरणपोळ्या आणि तुपाची लोटी घेऊन आली.

"मुकुंदा, काय रे ही दशा! वाळून काटकी झालास."

"अक्का, डॉक्टरांनी यांना तूप कमी सांगितलंय," कुमुद म्हणाली.

"डॉक्टरांना कुठं वाढतेय मी?"

आमच्याकडे तोंडानं नको म्हणत नाहीत. पानावर हात आडवा धरतात. माझा हात नेहमीच उशिरा येतो. अक्कानं ओतलेलं तूप माझ्या पानातल्या पोळीवरून ओघळून जमिनीवर आलं. छतातला थेंब पडला तिथलं तूप दुधासारखं पांढरं झालं आणि नाहीसं झालं. पण एका थेंबानं ताटाएवढंच. अक्का ओततच होती. लोटी रिकामी होत नव्हती. तूप कुमुदच्या गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत; मी पाटा-ताटासकट तरंगू लागलो. दार सुरकुत्या पडून घट्ट मिटलं होतं.

"अहो, हात आडवा धरा," कुमुद म्हणाली.

मी धरला.

"अजून लाजतोस मेल्या!" अक्का हसली आणि हातावरूनच वाढू लागली.

तूप कुमुदच्या हनुवटीला लागलं. तिनं मान उंच केली.

"अक्का, नको," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

अक्काचा हात थांबला. तिचा चेहरा उतरला. तूप होतं तिथंच राहिलं. आम्ही तिघांनी वर पाहिलं. छताला एक थेंब फुगत होता. त्यात सगळं घर उलटं, दिव्यांनी उजळलेलं दिसत होतं, आणि आम्ही तिघं. तो सुटत नव्हता.